शिंकणारी सून आणि सोप्यातले बोद

माप ओलांडताना मी शिंकले. उंबऱ्यावरचं तांदळाचं माप नव्या नवरीने पायाने हलकेच लवंडायचं असतं. माझं माप शिंकेच्या हिसक्याने असं उडालं की तांदूळ सोप्याच्या भिंतीवर जाऊन आपटले आणि माप गडगडत सासऱ्यांच्या पायापाशी थांबलं. मागून कोणीतरी "अगाबाई" म्हणालं. वाजंत्रीवाल्याने सनई तोंडातून काढली. त्या शांततेत मी दुसऱ्यांदा शिंकले.

दोष माझा नव्हता. सासरे निपाणीतले छोटे तंबाखू व्यापारी. हंगामात शेतकऱ्यांकडून घेतलेला माल विडी कारखानदाराला विकेपर्यंत ठेवायला त्यांच्याकडे वखारीचा एक कोपरा होता आणि तो भरला की उरलेले बोद घरात येत. बोद म्हणजे तंबाखूने गच्च भरलेलं भलं मोठं पोतं, बसल्या माणसाएवढं. सोप्यात, म्हणजे घराच्या पुढच्या खोलीत, दाराच्या दोन्ही अंगांना ते आढ्यापर्यंत रचलेले आणि मधून एक माणूस जेमतेम जाईल एवढी वाट. बाकीच्या मुली फुलांच्या माळांखालून सासरी येतात, मी विडीच्या तंबाखूमधून आले.

शिंक मोठी होती, हे मात्र कबूल. मी वडगावची. बेळगावचं हे वडगाव म्हणजे घरोघरी माग. आमच्या घरात यंत्रमाग सकाळी सुरू झाला की दोन माणसं शेजारी बसून बोलायची तर नाटकातल्या राजासारखं बोलावं लागे. त्यामुळे आम्ही सगळे राजेच. तान्ही मुलं त्या खटखटीत गाढ झोपत आणि वीज गेली की शांततेने दचकून जागी होऊन रडत. शरीर असं कशाचीही सोय लावून घेतं, याचा मला लहानपणापासून फार अभिमान होता. म्हणून सासरी पहिल्या आठवड्यात डोळे-नाक वाहत असतानाही मी निर्धास्त होते. चार दिवस नाक कुरकुरेल, मग ऐकेल.

नाक ऐकेना. आणि सासऱ्यांचा शिंकेवर विश्वास होता.

तो असा. घरातून निघताना एक शिंक आली तर वाईट, दोन आल्या तर चांगलं. एक आली की परत फिरायचं, पायताण काढायचं, खाटेवर बसून पाणी प्यायचं आणि मग नव्याने निघायचं. ते सकाळी चहा घेऊन, पटका बांधून आसपासच्या खेड्यांत तंबाखू बघायला जात. खळ्यावर जो व्यापारी आधी पोचेल त्याला चांगला माल. मी त्याच वेळी सोपा झाडायला घेई. त्यांचा पाय उंबऱ्याबाहेर आणि माझी शिंक, यांचं काय जमलं होतं कोण जाणे. नाटकात पडदा आणि घंटा यांचंसुद्धा इतकं जमत नाही.

एका सकाळी त्यांनी परत न फिरता वाट बघायची ठरवली. एक पाय आत, एक बाहेर.

"आली का दुसरी?"

"येतीया, येतीया. जरा थांबा," सासूबाई माझ्या तोंडाकडे डोळे लावून म्हणाल्या.

"सूनबाई, घाई न्हाय. पर बस जाईल."

मी वर आढ्याकडे बघितलं, उन्हाकडे बघितलं, नाक चोळलं. हुकमी शिंक येत नाही हो. शेवटी सासूबाई शेजारून तपकिरीची डबी घेऊन आल्या. तंबाखूने शिंकणाऱ्या बाईला अजून एक शिंक यावी म्हणून तंबाखूच हुंगायला देणारं घर निपाणीबाहेर सापडायचं नाही. मी चिमूट ओढली. दुसरी आली. सासरे समाधानाने बाहेर पडले. तिसरी आली. ते आत आले. चौथीला बाहेर, पाचवीला आत. डोक्यावर पटका, हातात छत्री, आणि त्यांचं ते उंबऱ्यावरचं मागेपुढे. समोरच्या घरातला गृहस्थ दात घासत उभा होता.

"आण्णा, निघालाय का परत आलाय?"

"ते सूनबाईंस्नी इचार," सासरे म्हणाले.

सगळी गल्ली हसली, मीही वाहत्या डोळ्यांनी हसले. सासरे गेले तेव्हा बस गेलेली होती. संध्याकाळी ते परत आले ते गप्प. खळ्यावरचा माल दुसऱ्याने उचलला होता. जेवताना त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. चांगला माणूस होता, आवाज चढवणं त्यांच्यात नव्हतं. त्यामुळेच मला भीती वाटली. ओरडणाऱ्या माणसाचं मन कळतं तरी.

सासूबाईंनी मला हाताशी घेतलं. त्या तेव्हा पन्नाशीच्या आत होत्या, ठेंगण्या, चपळ, आणि नाकाच्या बाबतीत फार अभिमानी.

"सवय लागंल गं पोरी. मला बघ. म्हैनाभर मीबी शिंकले आसंन. मग नाक जे गप झालं ते झालंच. आता बोदात निजवलंस तरी शिंक न्हाय यायची."

मला पटलं. वडगावच्या मुलीला न पटून कसं चालेल? रोज दुपारी मी बोदांच्या मधल्या वाटेत पाट टाकून तांदूळ निवडत बसू लागले. शरीराला शिकवायचं तर शाळेत पाठवायला हवं. माझ्या नाकाने शाळेत पहिल्या दिवसापासून दंगा केला. डोळे सुजले, कानांना दडे बसले, घसा बसला. सासऱ्यांना 'मामा' म्हणायला गेले की 'बाबा' निघे. त्यांना वाटलं, पोरीला बापाची आठवण येते. आमचे हे हायस्कुलात मास्तर होते. त्यांनी मला हातरुमाल आणून दिले, एकापेक्षा एक सुंदर, आणि वह्या तपासायला बसले.

मग दुधाचा दिवस आला.

मी मागे परड्यात धुणं धूत होते. तिथे शेवग्याचं झाड, मोकळी हवा. नाक जरा मोकळं झालेलं. एकदम करपल्या दुधाचा वास आला, असा तिखट की मी पिळा टाकून धावले. स्वयंपाकघरात सासूबाई चुलीपुढेच बसलेल्या, पाठ जरा वळवून भाकरी थापत होत्या. हातभर अंतरावर दूध उतू जाऊन, आटून, तळाशी काळं होऊन धुमसत होतं.

"आत्या, दूध."

त्यांनी भांड्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. चोरी पकडली गेल्यासारखा चेहरा झाला. आणि मला एकेक आठवायला लागलं. "आमटीला हिंग पडलाय का बघ गं." "ताक आंबलंय का सांग." "ह्यो डबा उघडून बघ, तूप कसं हाय." मला वाटायचं, माझी परीक्षा चाललीय. मीही शहाण्या विद्यार्थिनीसारखी उत्तरं देत होते.

"तुम्हाला वास येत नाही," मी म्हणाले.

त्यांनी उठून आधी दार लावलं. "कुणाला बोलू नगंस."

"कधीपासून?"

"कळलंच न्हाय कधी गेला. लेकीचं पयलं बाळतपण हितं झालं. बाळाचं डोस्कं हुंगलं तर काय न्हाय. कापूस हुंगल्यागत. मला वाटलं, ह्या बाळालाच वास न्हाय." त्या हसल्या आणि लगेच पदराने डोळे पुसले. "ह्या घरात नाकावर पोट हाय बाई. मालकाच्या बायकूला वास येत न्हाय म्हटल्यावर लोक काय म्हणतील?"

मी चुलीपाशी बसले. मला माझे वडील, आप्पा, दिसत होते. मागावर बसायला लागले तेव्हा त्यांचे कान वाजायचे म्हणे. मग वाजायचे थांबले. सवय झाली, असं सगळे म्हणाले, तेही म्हणाले. इतकी सवय झाली की माझ्या लग्नात मंगलाष्टकं संपली तरी ते हातात अक्षता घेऊन उभेच. ज्या गोष्टीचा मी अभिमान बाळगत होते ती शिकलेल्या शरीराची नव्हती, सांगून सांगून थकलेल्या शरीराची होती. माझं नाक अजून सांगत होतं, एवढंच. तेही फार मोठ्याने.

त्या दिवसापासून आमची टोळी झाली. त्या रांधायच्या, मी हुंगायची. हिंग कमी असेल तर मी एकदा खोकायची, फोडणी झाली असेल तर बांगड्या वाजवायची. सासरे जेवायला बसले की सासूबाई मोठ्या ऐटीत म्हणायच्या, "आज आमटीला वास कसा झ्याक आलाय, न्हाय?" आणि मी ताटात बघायची.

माझ्या नाकाचं निमित्त करून आम्ही डॉक्टरांकडे गेलो. बाजारपेठेतले म्हातारे डॉक्टर होते. त्यांनी बॅटरी लावून माझं नाक, घसा बघितला.

"काय बिघडलेलं नाही. धूळ आत येते, ते तिला हाकलतंय. त्याचं कामच ते. मी गोळी देईन, जरा बरं वाटेल. पण घरात धूळ तेवढीच राहिली तर गोळीचा काय उपयोग?"

सासूबाईंनी जरा पुढे सरकून विचारलं, "आणि डॉक्टर, आमची एक पावणी हाय. तिला वासच येत न्हाय."

"तंबाखूच्या घरातली?"

"व्हय. आमच्यासारखीच."

"खोकला आहे का पाहुणीला?"

"न्हाय, न्हाय," म्हणता म्हणता सासूबाईंना उबळ आली. डॉक्टर ती संपेपर्यंत थांबले. तोंडावरची सुरकुती हलली नाही त्यांच्या.

"पाहुणीला म्हणावं, चार महिने धुळीबाहेर राहून बघा. मोकळ्या हवेत बसा. वास परत येतो पुष्कळांचा, पण माझ्याकडून वचन घेऊ नका. आणि पाहुणीला म्हणावं, तो खोकला एकदा मला दाखवून जा."

आम्ही घरी आलो. धुळीबाहेर म्हणजे कुठे? धूळ तर घराच्या तोंडातच रचून ठेवलेली.

आठवड्याभरात सासऱ्यांनी जेवताना सांगितलं, "सूनबाईंस्नी म्हायेरी धाडूया. बोद हालेपतूर. वडगावला सांगावा धाडलाय, रविवारी पावणं येतील."

बोलणं साधं होतं. पण बोद हलणार, आणि पुढच्या हंगामात पुन्हा येणार, हे सगळ्यांनाच ठाऊक. शेजारच्या गल्लीतली एक सून अशीच चार दिवसांसाठी गेली होती. ती आली नाही, तिच्या जागी दुसरी आली. मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी घसा खाकरला, "आण्णा, उन्हाळ्यात..." एवढं म्हणाले, आणि ताटातली भाकरी मोडू लागले.

रविवारी आप्पा आले. कोरं लुगडं घेऊन आले, कारण मुलीला न्यायला रिकाम्या हाताने जाऊ नये. त्यांना नीट काही कळलेलं नव्हतं. लेकीची तब्येत बरी नाही, एवढंच. सोप्यातल्या वाटेत माझी ट्रंक ठेवलेली आणि तिच्या दोन्ही बाजूंना बोद, असे आम्ही सगळे रांगेत उभे होतो, कारण दुसरं काही करायला तिथे जागाच नव्हती. मी शिंकत होते. आप्पा प्रत्येक शिंकेला मान डोलवत होते.

"निघायचं न्हवं?" आप्पांनी वडगावच्या आवाजात विचारलं.

मी वाकून ट्रंकेची कडी धरली. तेवढ्यात सासूबाई ट्रंकेवर बसल्या. अगदी सावकाश, पदर सावरून, देवळात बसावं तशा.

"पोरगी न्हाय जात. बोद जाऊंद्यात."

"बोद कुठं जातील?" सासरे म्हणाले. "वखार भरलीया. काय बोलतीस?"

"मग मी जाते तिच्यासंगं वडगावला. मला वास येत न्हाय."

"कसला?"

"कसलाच. हिंगाचा न्हाय, दुधाचा न्हाय. तुमच्या तंबाखूचा न्हाय. लेकीच्या बाळाचा सुदिक आला न्हाय मला. ही पोरगी सांगती म्हणून तुमाला जेवण गोड लागतंय."

सासऱ्यांनी जवळच्या बोदात बोटं खुपसून चिमूट काढली, तळहातावर चोळली आणि सासूबाईंच्या नाकापुढे धरली. सौदा करताना धरत असत, तशीच. सासूबाईंनी लांब श्वास घेतला.

"काय?"

"कापूस."

मग सासऱ्यांनी तोच तळहात स्वतःच्या नाकाशी नेला. एकदा हुंगलं. उजेडाकडे तोंड करून पुन्हा हुंगलं. बाजारात त्यांचं नाव होतं ते ह्या नाकावर. डोळे झाकून, चिमूट चोळून ते सांगत की माल नदीकाठच्या काळ्या रानातला की माळावरचा. बायकोकडे बघताना त्यांचे डोळे भरले होते, हे मी पाहिलं. पण नंतर जे आलं ते भरल्या डोळ्यांतून आलेलं नव्हतं.

"मलाबी हुईल व्हय?" त्यांनी हळूच विचारलं.

"डाक्टर म्हणत हुते," सासूबाई ट्रंकेवरून शांतपणे म्हणाल्या, "घरात एकाला झालं की दुसऱ्यालाबी हुतंय."

डॉक्टर असं अक्षरही बोलले नव्हते. मी माझ्या पायाच्या बोटांकडे बघत राहिले. ह्यांनी माझ्याकडे संशयाने बघितलं. मी शिंकले. ह्या वेळी जरा मुद्दाम.

"निघायचं न्हवं?" आप्पांनी पुन्हा विचारलं.

"न्हाय, पावणं," सासरे त्यांच्या कानाशी जाऊन ओरडले. "आज जेवून ऱ्हावा. आणि उद्या सकाळी जरा हात लावा."

दुसऱ्या सकाळी बैलगाडी आली. आप्पा, हे, सासरे आणि दोन हमाल, सगळ्यांनी मिळून बोद आमच्या रानातल्या, आजवर रिकाम्या पडलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये हलवले. शेड गळकी निघाली, त्यावर नवा पत्रा घालावा लागला आणि त्याबद्दल सासरे पुढे बरेच दिवस कुरकुरत होते. मी आणि सासूबाईंनी नाक-तोंड बांधून सोपा धुतला. आढ्यापासून खाली पाणी मारलं. पहिलं पाणी चहासारखं निघालं, मग कढणासारखं, मग कुठे पाण्यासारखं. त्या सोप्याला खिडकी होती, हे ह्यांनाही माहीत नव्हतं. बोदांमागे ती इतकी वर्षं बंद होती.

नंतर आम्ही फार काही केलं नाही. सासूबाई एकदा डॉक्टरांकडे जाऊन आपला खोकला दाखवून आल्या, पाहुणीचा म्हणून नव्हे. दुपारी त्या शेवग्याखाली बाज टाकून बसू लागल्या. खिडकी उघडी राहिली. झाडण्याआधी पाणी शिंपडायची पद्धत मी पाडली. नाकाला ना मंत्र घातला, ना तेल. आम्ही फक्त त्याच्या वाटेतून बाजूला झालो. माझ्या शिंका हळूहळू साध्या माणसासारख्या झाल्या. सासरे रानातून यायचे ते बाहेरच पटका झटकून, पाय धुऊन, आणि आत येताच हाताला येईल ते हुंगून बघायचे. साबण, लिंबू, माझ्या ह्यांची शाई. स्वतःची हजेरी घेतल्यासारखे.

सासूबाईंचं नाक मात्र गप्पच. त्या विचारत नसत, मीही विचारत नसे. स्वयंपाक आता माझ्याकडे आला होता, कारण दोघींनी मिळून करण्यापेक्षा वास येणारीने करणं सोपं. खरं सांगायचं तर मी त्यात सुखी होते. माझ्या हाताला वडगावची घाई होती, आणि काय करपलं, काय राहिलं, हे बघायला येणारं नाक घरात नव्हतं. सासऱ्यांना भूक लागलेली असे आणि हे नवे नवरे होते.

नवरात्राच्या आधीची एक संध्याकाळ. मी आमटीच्या फोडणीत लसूण टाकला आणि परड्यातून कढीपत्ता आणायला गेले. आले तर सासूबाई दारात उभ्या. चेहरा विचित्र, कोणीतरी लांबून हाक मारल्यासारखा.

"लसूण जाळलास," त्या म्हणाल्या.

मी कढईत बघितलं. काळा कुळकुळीत. मी तोंड उघडलं, पण त्या पुढे सरकल्याच होत्या. फडताळाशी गेल्या. एक डबा उघडला, नाक घातलं. दुसरा उघडला.

"खोबरं खवाट झालंय." तिसरा. "ह्यात मिरची का मसाला, दोन्ही येकातच?" चौथ्यावर त्या थांबल्या, जरा जास्त वेळ. त्यात नुसतं जिरं होतं. त्यांनी तो डबा छातीशी धरला आणि डोळ्यांतून पाणी गळत असताना माझ्यावर बरसल्या. "इतकं दिस ह्येच घालत हुतीस व्हय आमास्नी? आणि आम्ही गप गिळत हुतो?"

सगळे वास तेव्हा परत आले नव्हते. काही नंतर आले, काही कधीच आले नाहीत, फुलांचे तर फार थोडे. पण जळलेला लसूण आला, आणि तो आला हे त्या मला रागावूनच सांगू शकत होत्या. मी मान खाली घालून उभी होते. मला हसू येत होतं आणि ते लपवायला पदर पुरत नव्हता.

सासरे बाहेरून म्हणाले, "काय झालं गं?"

"तुमच्या सुनंला फोडणी येत न्हाय."

बाहेरून त्यांचा आवाज आला, आणि त्यात थट्टा होती हे मला पहिल्यांदाच कळलं. "मग धाडायची म्हायेरी?"

"धाडताय कशाला? शिकवती की," सासूबाई म्हणाल्या, आणि मला कोपराने ढकललं. "सरक तिकडं. कढई घास, आणि बस हितं माझ्यापुढं."